डाव्या हाताचं वजन

४ मार्च, मंगळवार

कालच्या पानात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. त्या घरात तीन माणसं राहतात असं मी लिहिलं. दोन राहतात. आजोबा आणि त्यांची मुलगी. घरात किती जणं असता असं मी काल विचारलं, तेव्हा आजोबा पटकन तिघं म्हणाले आणि मी ते तसंच उतरवलं. आज ताईंनी माझं रजिस्टर पाहिलं, आणि दोघंच हो सिस्टर, बाबा बोलतात काहीही, असं म्हणून चहा ठेवायला आत गेल्या. मी तीनवर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी दोन लिहिलं. खाडाखोड करायची नाही, चूक दिसली पाहिजे, ही शिस्त नर्सिंगच्या शाळेत शिकवतात. मला ती घरीच लागली.

काल इतकं काही घडलं की सगळं नीट लिहिता आलं नाही. हे माझं पहिलं स्वतंत्र काम. दवाखान्यातून घरी सोडलेल्या हृदयाच्या पेशंटकडे पहिले पंधरा दिवस रोज सकाळी जायचं: वजन, बीपी, नाडी, पायांची सूज, गोळ्या, मीठ, पाणी. आरोग्य केंद्रातल्या मोठ्या सिस्टरनी बॅग हातात देताना विचारलं, बीपी तू घेणार की पेशंट तुझा घेणार? सगळ्या हसल्या. मीही हसले, पण रस्त्यात बॅग तीनदा उघडून पाहिली.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि एक लांबट गॅलरी, तिथे शिलाई मशीन. आजोबा टेलर होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, अंगाने वाळलेले, जीभ मात्र तल्लख. मी टेप काढून पोटाचा घेर मोजायला लागले तर म्हणाले, पोरी, आयुष्यभर लोकांची मापं काढली, आता माझं निघायला लागलं. अळणी जेवणाबद्दल म्हणाले, बोलण्यात मीठ नाही असं बायको म्हणायची, आता डब्यातही नाही. ताई आतून ओरडल्या, बाबा, सिस्टरना काम करू द्या.

आणि मग मला काटा सापडला. गॅलरीच्या कोपऱ्यात जुन्या चादरीखाली काहीतरी उंच उभं होतं. मी चादर उचलली. दवाखान्यात पूर्वी असायचा तसा उभा काटा, लोखंडी पाट, वर आडवी दांडी, दांडीवर सरकवायची दोन वजनं. मी तर हरखूनच गेले. आमचे अप्पा काटे दुरुस्त करतात. मला लहानपणी दमा होता, शाळेत जाता येत नसे, म्हणून नवव्या वर्षापर्यंत मी त्यांच्या दुकानातच शिकले. आईने अक्षरं शिकवली, अप्पांनी आकडे. बेरीज म्हणजे पारड्यात घालणं आणि वजाबाकी म्हणजे काढणं, एवढंच मला ठाऊक होतं. असा काटा दिसला की मला माहेर भेटतं.

ताई म्हणाल्या, तो नको, मी नवीन छोटा आणते. मी हट्ट धरला. म्हटलं, ते बटनाचे काटे दर दिवशी वेगळं बोलतात, यासारखा काटा शोधून मिळायचा नाही. त्या आत निघून गेल्या. आजोबा मात्र उठून स्वतःच्या हाताने पाटावरची धूळ पुसायला लागले.

दवाखान्यातून सोडताना वजन ५८ होतं. काल या काट्यावर ६०.६ आलं. दोन काट्यांत फरक असतोच, म्हणून ६०.६ हाच पाया धरला. आज ६१.

मी खूश आहे. खरंच. माझी खोली एका लाँड्रीच्या वर आहे, दिवसभर इस्त्रीची ऊब येते.


६ मार्च, गुरुवार

काल ६१.७, आज ६२.३. तीन दिवसांत एक किलो सातशे. हृदय कमजोर झालेल्या माणसाचं वजन असं वाढलं तर ते मांस नसतं, पाणी असतं. दीड किलोच्या वर गेलं की डॉक्टरांना कळवायचं, असा नियम आहे. कळवलं.

कळवण्याआधी मी सगळं पुन्हा तपासलं. नडगीवर अंगठा दाबून धरला; सूज असेल तर खळगा राहतो. राहिला नाही. छातीत करकर नाही. आजोबा सपाट झोपतात, उशी एकच. पाणी मोजूनमापून दीड लिटर, ताई बाटलीवर खुणा करतात. मीठ बंद. मग वाढतंय काय? डॉक्टर फोनवर म्हणाले, पाय कोरडे असले तरी पोटात पाणी साठतं, लघवीची गोळी एकाच्या दोन करा. केल्या.

ताईंना मी वजन वाढल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. वजन करताना त्या गॅलरीत थांबत नाहीत, हे माझ्या लक्षात आलंय. मी दांडी सरकवायला लागले की स्वयंपाकघरात जातात आणि नळ सोडतात.

अजून एक बारीक गोष्ट. दांडी स्थिर होत नाही. माणूस निश्चल उभा राहिला की ती दोनदा डोलते आणि थांबते. आजोबा उभे असताना ती थरथरत राहते, बारीक आणि भराभर. त्यांना म्हटलं, हलू नका. ते म्हणाले, मी कुठे हलतोय.


८ मार्च, शनिवार

६२.५. दोन गोळ्या घेऊनही.

आज मानेची शीर पाहायची म्हणून आजोबांना अर्धवट निजवलं. शीर फुगलेली नाही. पण मानेच्या डाव्या बाजूला चार लालसर ओरखडे दिसले, लहान लहान, नखांच्या कडेसारखे. खाजवलंत का, विचारलं. म्हणाले, कॉलर टोचते. अंगात बिनकॉलरचं बनियन होतं. बनियन डाव्या खांद्यावर ओलं होतं, तळहाताएवढं. घाम असेल असं लिहिलं. मग ती ओळ तशीच ठेवून खाली दुसरी लिहिली: घाम एकाच खांद्याला येत नाही. वास आंबूस, दुधासारखा.

ताईंना विचारलं, रात्री दूध देता का. त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, या घरात दूध फक्त चहापुरतं येतं.

मोठ्या सिस्टरना हे सांगितलं नाही. काय सांगणार?


११ मार्च, मंगळवार

आजोबा वाळत चाललेत. मी शब्द जपून वापरते, तरी वाळत चाललेत हाच शब्द बरोबर आहे. जीभ कोरडी. मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते. बीपी ९२. बिछान्यातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मला हाक मारताना हल्ली पोरी म्हणत नाहीत, नुसता हात हलवतात.

आणि काटा म्हणतो ६२.६.

डॉक्टर म्हणाले, वजन उतरत नाही तोवर गोळी कमी करता येणार नाही, उद्या रक्त पाठवा. ते मी दिलेल्या आकड्यावरच बोलणार. त्यांच्यासमोर माणूस नाही, माझा आकडा आहे.

दुपारी अप्पांना फोन लावला. त्यांना सगळं नाही सांगितलं, काटा जास्त दाखवतो का हे कसं पाहू, एवढंच विचारलं. अप्पा म्हणाले, अगं, विसरलीस? ज्याचं वजन माहीत आहे ते ठेव. परत त्या घरी गेले. ताई कामावर होत्या, आजोबांनी दार उघडलं. पिठाच्या पाच-पाच किलोच्या दोन न फोडलेल्या पिशव्या पाटावर ठेवल्या. दहा. ना एक ग्रॅम इकडे ना तिकडे. दांडी दोनदा डोलली आणि थांबली.

काटा खरा आहे.

आजोबा दाराला टेकून बघत होते. डावा हात पोटाशी वाकवलेला. पहिल्या दिवसापासून तो तसाच असतो, मी ते कुठे लिहिलंच नाही, जुनं दुखणं असेल असं वाटलं. ते उभ्या उभ्या हळूच डोलत होते, या पायावरून त्या पायावर. चक्कर येणारा माणूस असा डोलत नाही. माणूस असा डोलतो ते वेगळ्याच कारणाने.


१२ मार्च, बुधवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

सात वाजता आजोबा काट्यावर उभे राहिले. ६२.६. त्यांना झोक गेला, म्हणून मी डाव्या कोपराखाली दोन्ही हात घालून त्यांना सावरलं. खण्ण करून दांडी खाली आपटली.

वजन सरकवत सरकवत मागे आणलं, एका हाताने, दुसरा त्यांच्या कोपराखाली. ५६.२.

हात काढला. ६२.६.

मला वाटलं हाताचं वजन. माणसाचा एक हात तीन किलोच्या आसपास भरतो. म्हणून उजव्या हाताखाली आधार देऊन पाहिलं: दोनशे ग्रॅमचा फरक. पुन्हा डावा. सहा किलो चारशे. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेवढंच.

आणि माझ्या हातांवर ते आलं होतं. ऊबदार होतं. ते हललं.

आजोबा मला म्हणाले, अगदी सहज, जसं कुणी वाटेत भेटलेल्या ओळखीच्या बाईला म्हणेल, मानेखाली हात घे, अजून मान धरत नाही ती.

मी जिना उतरून खाली आले, तेव्हा बॅग वरच राहिली होती. परत जाऊन आणली.


१३ मार्च, गुरुवार

आजोबांनी सांगितलं. थांबून थांबून, दम घेत, पण सांगितलं.

नऊ वर्षांपूर्वी ताईंना मुलगी झाली होती. हृदयाला छिद्र. थोडी मोठी झाली की ऑपरेशन, तोवर वजन वाढवा आणि नीट लिहून ठेवा, असं सांगितलं होतं. म्हणून आजोबांनी बंद पडलेल्या एका दवाखान्यातून हा काटा आणला. तान्हं मूल काट्यावर उभं राहत नाही. आजोबा तिला डाव्या हातावर घेऊन उभे राहायचे, मग एकटे उभे राहायचे, आणि वजाबाकी करायचे. ताईंच्याने आकडा बघवत नसे. त्या आत जाऊन नळ सोडायच्या.

ती दिसत नाही, आजोबा म्हणाले. पण हाताला लागते. मी विचारलं कधीपासून. म्हणाले, तू चादर काढलीस ना, त्या सकाळपासून. उभे राहा म्हणालीस, मी उभा राहिलो आणि हाताला सवय होती.

मी हट्ट धरला होता.

मशीनच्या खणातून त्यांनी एक निळं कार्ड काढून दिलं. त्यावर त्यांच्या अक्षरात आकडे. दर पंधरवड्याचा एक. पहिला जन्माचा, २.६. मग ३. मग ३.७. मग ४.३. मी रजिस्टर शेजारी ठेवलं. ६०.६ वजा ५८. ६१ वजा ५८. पुढे बोट नेत गेले. तिचा एक पंधरवडा म्हणजे आमची एक सकाळ. कालची ओळ ६.४. आज मी कोपराखाली हात घालून पाहिलं होतं ते ६.५, आणि कार्डावर तेच.

त्यानंतर पाच ओळी आहेत. त्या पंधरवड्याच्या नाहीत, रोजच्या आहेत. ६.९, ७.३, ७.८, ८.३, ९. नऊच्या पुढे एक छोटं फूल काढलंय. आजोबा म्हणाले, त्या आठवड्यात इतकी भरली होती की आम्ही तिला ढब्बू म्हणायला लागलो. गाल असे. पाय असे. सगळ्यांना फोन करून सांगितलं.

पाच दिवसांत अडीच किलो. मला तो आकडा वाचल्याबरोबर कळलं, कुणाही नर्सला कळलं असतं. ते बाळसं नव्हतं, पाणी होतं.

आजोबा माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, मला नंतर समजलं. चार वर्षांनी, दवाखान्याच्या भिंतीवरचा एक कागद वाचताना. लेकराचं वजन वाढलं म्हणून कोण रडतं गं? लेकीला सांगू नकोस. तिला वाटतं पोर चांगली भरत होती, अचानक गेली. तेवढं तरी तिच्याकडे राहू दे.

मनगटावर नाडी मोजली. ८४. तिच्याखाली दुसरी आहे. बारीक, धाग्यासारखी. १४८.


१४ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांना ५६ सांगितलं. मी वाचलेला आकडा ६२.९ होता. वजाबाकी करून सांगितला. खोटं की खरं, मला माहीत नाही. अप्पांना विचारण्याची हिंमत नाही. डॉक्टरांनी गोळी लगेच थांबवली, पाणी वाढवायला सांगितलं आणि मला बोल लावले, आधी का नाही कळवलंस म्हणून. बरोबरच आहे. आठ दिवस मी आजोबांना गोळ्या देत होते आणि ते सुकत होते. त्या पाण्याच्या गोळ्या त्या पोरीला हव्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी.

संध्याकाळी दोन ग्लास पाणी प्यायल्यावर आजोबांना पुन्हा बोलायला आलं. म्हणाले, वजाबाकीला चांगली आहेस.

त्यांची नाडी ९६. खालची १५४. वरची खालच्या मागे चाललीय.


१५ मार्च, शनिवार

नाडी १०८. डॉक्टर घरी येऊन ईसीजी काढून गेले. कागदावर ८२, सरळ. माझ्या बोटांना १०८. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तू घाबरट आहेस, स्वतःचीच नाडी मोजतेस.

आजोबांनी त्या नऊ किलोच्या दिवसाचं सांगितलं. आकडा बघून ते इतके हरखले की कार्ड भरायला तिला पाळण्यात ठेवलं. नऊ लिहिलं. फूल काढलं. वळले तर —

नऊ लिहायला किती वेळ लागतो, असं मला तीनदा विचारलं.

या वेळी मी हात सोडणार नाही, म्हणाले. आकडा तू लिही.

म्हणजे तिच्याबरोबर जाणार. हे त्यांनी ठरवलंय.


१६ मार्च, रविवार

ताईंना सांगितलं. सगळं नाही सांगायचं असं ठरवून गेले होते. पण त्यांच्या मुलीचं वजन मी रोज लिहून घेत होते आणि त्यांना ठाऊक नव्हतं, ही चोरी आहे.

त्या रागावतील, मला हाकलतील असं वाटलं. त्यांनी गॅस बंद केला आणि खाली बसल्या. म्हणाल्या, दुधाचं विचारलंत तेव्हाच तो वास मला आठवला होता. मग म्हणाल्या, ते वजन म्हणजे सूज होती हे मला माहीत आहे, सिस्टर. ती गेली त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून माहीत आहे. बाबांना सांगू नका. त्यांना वाटतं ती चांगली भरत होती, त्यांनी ते फूल काढलंय.

मी रजिस्टर मिटलं.

मग त्या उठल्या आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा काट्याजवळ गेल्या. आजोबा त्यांच्याकडे बघत राहिले. ताईंनी हात पुढे केले. आजोबांनी हळूच, दोन्ही हातांनी, दिलं. मी दांडी सरकवली.

ताई, ५४. आधीही ५४.

हात तसेच पुढे. पुन्हा सरकवली. ५४.

आजोबा म्हणाले, आली परत, माझ्याकडेच आली. कसनुसे हसले. ताईंनी विचारलं, मी आई आहे ना? कुणाला विचारलं कळलं नाही. मी इथे कधी उभी नव्हते म्हणून का? मी रोज आत पळाले म्हणून का? हात तसेच धरून त्या किती वेळ उभ्या होत्या. शेवटी मी हात धरून त्यांना उतरवलं. हात हलके होते.

नाडी १२२.


१७ मार्च, सोमवार

माझी नेमणूक आज संपली. रजिस्टर केंद्रात जमा केलं. शेवटचा आकडा वजाबाकीचाच.

जमा करण्याआधी, सकाळी, मी काट्यावर उभी राहिले. एकटी: ४९.५. मग हात पुढे केले. आजोबा नको म्हणत होते. मी म्हटलं, एकच मिनिट, मान सांभाळते.

५७.८.

आली. माझ्याकडे आली. मी रोज समोर उभी राहून आकडा बघत होते ना. आकडा बघणाऱ्याकडे येते ती.

जड आहे. ओली आहे. पाय गच्च फुगलेत, बोट दाबलं की खळगा राहतो, भरून येतच नाही. तिचा श्वास — मी नर्स आहे, मला असा श्वास माहीत आहे. ढब्बू म्हणायचे. एका लेकराने आठवडाभर हे सोसलं आणि सगळे हसत होते.

आजोबांची नाडी त्या एका मिनिटात १३८ वरून ९०. माझी १२६.

मग त्यांनी तिला परत घेतलं. माझी अजून उतरली नाही. आत्ता दुपारचे तीन —

उद्याची ओळ नऊ.

दोघांशी बोलले. दोघांसमोर, एकदम. एकमेकांपासून लपवत होते तेही सांगून टाकलं, दोघांनीही सांगू नका म्हटलं होतं तरी. आजोबा ताईंकडे बघत म्हणाले, तुला माहीत होतं? ताई म्हणाल्या, तुम्हालाही? आणि मग मशीनची कड धरून दोघं —

उद्या आकडा कुणी लिहिणार नाही. कार्ड खणातच राहील. आजोबा तिला माझ्याकडे देतील, त्यांनी कबूल केलंय, लेकीकडे बघून कबूल केलंय. ताई आत जाणार नाहीत. माझ्यासमोर उभ्या राहतील, अगदी जवळ, म्हणजे तिला आईचं तोंड दिसेल. हात माझे, पण तोंड आईचं. माझं हृदय चांगलं आहे. चोवीस वर्षांचं आहे. लहानपणी दमा होता तेवढाच.

अप्पांना पत्र लिहायचं होतं, पण —

१४२. डावा हात सरळ होत नाही. खांदा ओला —

भीती वाटते. लिहून ठेवते, म्हणजे खोडता येणार नाही. मी तिला खाली ठेवणार नाही. काहीही झालं तरी खाली ठेवणार नाही. मंगळवार, १८ मार्च, सकाळी सात वा —